पृथ्वीचे भ्रमण केव्हा सिद्ध झाले?

कचेरीत गोष्ट शाबीत होते, भूमितीत ती सिद्ध होते, आणि घरात ती नुसती पटते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते ही गोष्ट ह्यांपैकी कोणत्या अर्थाने प्रस्थापित झाली, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ साली प्रसिद्ध झाला. पृथ्वी फिरत असेल तर वर्षभरात जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या मानाने किंचित सरकलेले दिसावयास हवेत. ह्या स्थानांतरास लंबन म्हणतात. टायको ब्राहेची वेधयंत्रे सुमारे एका कलेपर्यंत अचूक होती; त्यांत लंबन दिसेना. तेव्हा तारे शनीच्या अंतराच्या निदान ७०० पट दूर मानावे लागतील, आणि त्यांच्या दिसणाऱ्या बिंबांवरून पाहता ते अवाढव्य ठरतील, असे त्याने दाखविले. पाठ्यपुस्तकांत टायकोस हटवादी ठरविण्याची रीत आहे. ती अन्यायाची होय. ताऱ्याचे बिंब हा प्रकाशाच्या गुणधर्मामुळे होणारा भास आहे, हे कळण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

कार्डिनल बेलार्मीन ह्यांनी १६१५ मधील पत्रात खरीखुरी सिद्धता मागितली. गॅलिलिओने १६३२ मध्ये भरतीओहोटीवरून ती देऊ केली. परंतु तिच्यानुसार दिवसातून एकच भरती यावयास हवी होती. दोन भरत्या येतात हे कोणत्याही कोळ्यास ठाऊक होते!

पुढे ब्रॅडलीने लंबन शोधताना भलतेच काही गाठले. कालेय समूहातील एक तारा सुमारे २० विकला सरकत होता, पण अपेक्षित दिशेने नव्हे. प्रकाशाचा वेग व पृथ्वीची गती ह्यांच्या संयोगाने हे घडते, असे त्याने १७२९ साली मांडले. पृथ्वीच्या गतीचा पहिला प्रत्यक्ष पुरावा तो हाच. लंबन मात्र बेसेलने १८३८ साली, हंस समूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचे मोजले: ०.३१४ विकला. दोन सेंटिमीटर व्यासाचे नाणे सुमारे तेरा किलोमीटरांवरून पाहावे, इतका तो कोन.

आता कालक्रम पाहावा. रोमच्या निषिद्ध ग्रंथसूचीतून कोपर्निकसचे नाव १८३५ च्या आवृत्तीत गळले, म्हणजे लंबन सापडण्याच्या तीन वर्षे आधी. ज्योतिर्विदांनी तर त्याच्या कितीतरी आधी निर्णय केला होता. केप्लरचे नियम आणि न्यूटनचा १६८७ चा ग्रंथ ह्यांनी ग्रह, चंद्र, धूमकेतू व भरतीओहोटी एका सूत्रात ओवली. हा पुरावा भूमितीचा नव्हे, कचेरीतील परिस्थितिजन्य पुराव्याच्या जातीचा; एकेक दुवा सैल, साखळी मात्र भक्कम. बेलार्मीन ह्यांची मागणी प्रस्तुत लेखकास गैर वाटत नाही. गैर होती ती १६१६ ची बंदी, कारण ज्या ग्रंथावरून पुढची गणिते व्हावयाची, तोच दुरुस्तीपर्यंत रोखून धरण्यात आला.

बेसेलच्या वेधाचे स्वागत झाले ते निराळ्याच कारणासाठी. ताऱ्याचे अंतर प्रथमच विश्वसनीय रीतीने मोजले गेले होते: पृथ्वी व सूर्य ह्यांतील अंतराच्या साडेसहा लक्ष पटींहून अधिक. त्या लंबनाचे आजचे मान सुमारे ०.२८६ विकला आहे.