रेषेचं समीकरण आणि दीडशे वर्षांचा उशीर

आज एका अशा गणिताची गोष्ट, जे आपण शाळेत दोन मिनिटांत सोडवून पुढे जायचो. एका रेषाखंडाची टोकं आहेत (१, २) आणि (५, ८). त्याच्या मध्यबिंदूतून जाणाऱ्या, चढ २ असलेल्या रेषेचं समीकरण काढा. टोकांची सरासरी घेतली की मध्यबिंदू (३, ५). मग य − ५ = २(क्ष − ३), म्हणजेच य = २क्ष − १. झालं!

आता या दोन पायऱ्यांना किती काळ लागला, ते बघू.

मध्यबिंदू तर फार जुना. इसवी सनपूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडने 'एलिमेंट्स'च्या पहिल्याच पुस्तकात रेषाखंड दुभागून दाखवला. पण सगळं पट्टी आणि कंपासवर, आकडा एकही नाही. मध्यबिंदू सापडायचा, पण त्याला पत्ता नव्हता.

पत्ता मिळाला सतराव्या शतकात, फ्रान्समध्ये. श्रेय सहसा देकार्तला जातं. छतावर फिरणाऱ्या माशीची गोष्ट ऐकली असेलच, ती दंतकथा समजा. त्याचं 'ला जिओमेत्री' आलं १६३७ मध्ये, पण त्यात आपला आलेख शोधाल तर मिळणार नाही. काटकोनात छेदणारे दोन ठरलेले अक्ष नाहीत, ऋण निर्देशक नाहीत. त्याला रस होता अवघड वक्रांमध्ये. सरळ रेषेवर कशाला थांबायचं?

त्याच काळात तुलूझच्या न्यायालयातला फर्मा मात्र रेषेपासूनच सुरुवात करत होता. दोन अज्ञात राशींचं पहिल्या घाताचं समीकरण म्हणजे सरळ रेषा, हे त्याने मांडलं. पण त्याचं लिखाण हस्तलिखितातच फिरत राहिलं. तो वारला १६६५ मध्ये आणि ते छापलं गेलं १६७९ मध्ये.

आणि 'बिंदू द्या, चढ द्या, समीकरण घ्या' हे सूत्र? ते उघडपणे दिसतं गास्पार मोंजच्या १७८४ च्या सुमाराच्या लिखाणात. म्हणजे देकार्तनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी!

हा मोंज साध्या व्यापाऱ्याचा मुलगा. मेझिएरच्या लष्करी इंजिनिअरिंग शाळेत उमरावांच्या मुलांबरोबर बसायची सोय नव्हती, म्हणून नकाशे-आराखडे काढणाऱ्यांच्या विभागात लागला. तिथे तटबंदीचा एक किचकट प्रश्न त्याने लांबलचक आकडेमोड न करता आकृतीने सोडवला. लष्कराने ती पद्धत कित्येक वर्षं गुपित ठेवली. पुढे १७९४ मध्ये एकोल पॉलितेक्निक उभी राहिली, मोंज तिथे शिकवू लागला, आणि अशी सूत्रं पाठ्यपुस्तकांत रुळली.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे: मोठ्या गणितज्ञांना रेषा इतकी सोपी वाटली की तिचं सूत्र नीट लिहून ठेवायची गरजच भासली नाही. गरज पडली ती वर्गात, इंजिनिअर घडवताना. त्यामुळे हे सूत्र पहिल्या झटक्यात कळलं नाही म्हणून एखादं पोरगं खट्टू झालं, तर त्याला हा दीडशे वर्षांचा हिशोब जरूर सांगा.

भेटू पुढच्या भागात!