पहिल्या शिक्षकाची परीक्षा कोणी घेतली?

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीचा फोन आला. ती दोन वर्षं पिलाटीज शिकतेय, आता इन्स्ट्रक्टर व्हायचं म्हणते. तीन-चार कोर्सची माहितीपत्रकं पाठवली आणि विचारलं, "तू पीएचडी करतेस ना, मग सांग, यातलं खरं सर्टिफिकेट कुठलं?" मी एम.एस्सी. शरीरक्रियाशास्त्रात केलं आणि आता व्यायामशास्त्राच्या इतिहासावर काम करते, त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडेच येतात. उत्तर शोधायला बसले आणि माझ्याच सिनॉप्सिसमधली एक जुनी चूक आठवली. तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, तर ती चूक तुमच्याही उपयोगाची आहे.

आधी पिलाटीजचं थोडक्यात. जोसेफ पिलाटीस १८८३ साली जर्मनीत जन्मले. पहिल्या महायुद्धात ते इंग्लंडमध्ये नजरकैदेत होते. पुढे न्यूयॉर्कला त्यांनी स्टुडिओ काढला आणि आपल्या पद्धतीला ते 'कॉन्ट्रॉलॉजी' म्हणत. १९६७ मध्ये ते गेले. नंतर त्यांच्या नावावर ट्रेडमार्कचा दावा झाला, तो कोर्टात गेला आणि २००० साली न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने निकाल दिला, की 'पिलाटीज' हे योग किंवा कराटेसारखं एका व्यायामप्रकाराचं नाव आहे, कुणा एकाची मालमत्ता नाही. म्हणजे बोर्ड कुणीही लावावा. मैत्रिणीच्या हातात चार वेगवेगळी माहितीपत्रकं का आली, त्याचं मोठं कारण हेच.

आता पुण्याकडे येऊ.

१९३७ साली एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा म्हैसूरहून पुण्यात आला. नाव बी. के. एस. अय्यंगार. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय असं सगळं सोसलेलं. शालेय शिक्षण इंग्रजीच्या पेपरात अडकलेलं. आसनं शिकले ते मेहुण्यांकडे, म्हणजे टी. कृष्णमाचार्यांकडे, तीही मोजकी वर्षं. बेळगावला सिव्हिल सर्जन असलेल्या डॉ. व्ही. बी. गोखल्यांनी कृष्णमाचार्यांच्या मंडळींची प्रात्यक्षिकं पाहिली होती. निवृत्त होऊन पुण्यात आल्यावर त्यांच्या खटपटीतून डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी योगशिक्षक बोलावला गेला. आले अय्यंगार. मराठी येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम, आणि समोरचे बरेच विद्यार्थी वयानं मोठे, जास्त शिकलेले.

मी सिनॉप्सिसमध्ये काय लिहिलं होतं माहितीये? "अप्रशिक्षित शिक्षक". एकच शब्द. आमच्या समितीतल्या एका सरांनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, "कोणाच्या मापाने?" मला उत्तर देता आलं नाही. सिनॉप्सिस परत आला, सहा महिने गेले.

राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण प्रश्न बरोबर होता. १९३७ च्या पुण्यात योगशिक्षकाला प्रमाणपत्र देणारी परीक्षाच नव्हती, तर माणूस नापास कशात झाला? आजची पट्टी घेऊन मी नव्वद वर्षांपूर्वीचं कापड मोजत होते. मग त्या काळी लोक विश्वास कशावर ठेवत? शोध तिथून सुरू करायला हवा होता.

एक उत्तर लोणावळ्यात सापडतं. स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, यांचाही जन्म १८८३ चा. (पिलाटीस आणि ते एका वर्षाचे. योगायोगच, यावर कुणी थिअरी रचू नका.) १९२४ साली त्यांनी कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. त्याआधी बडोद्यात त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्यांचे क्ष-किरण फोटो काढून घेतले होते. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब खरंच उतरतो का, हे नळी आणि दाबमापक लावून पाहिलं. विज्ञानवाल्यांना हे लगेच पटतं: मोजा, छापा, दुसऱ्याला तपासू द्या. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे योगाचं कॉलेजही उभं राहिलं. म्हणजे आधी प्रयोगशाळा, मग वर्ग, मग पदविका.

पुण्यात असं काही नव्हतं. तिथे होतं ते शरीर. गोखले डॉक्टर व्याख्यान द्यायचे, अय्यंगार करून दाखवायचे. शब्द डॉक्टरचे आणि पुरावा शिक्षकाच्या पाठीचा कणा! सहा महिने संपले, मुदत वाढत गेली, पुढे तीही थांबली, आणि मग वर्षानुवर्षं घरोघरी शिकवण्या.

१९५२ मध्ये मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन भेटले. त्यांच्यामुळे युरोपची दारं उघडली. १९५४ मध्ये त्यांनी अय्यंगारांना एक घड्याळ दिलं. मागे कोरलेलं होतं ते अशा अर्थाचं: माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षकाला. अय्यंगारांनी व्हायोलिन वाजवायला शिकवलं नव्हतं, हे सांगायला नकोच. पण त्या काळातलं सर्टिफिकेट म्हणून मला विचाराल, तर मी हे घड्याळ पुढे करीन.

१९६६ साली 'लाइट ऑन योगा' आलं. मराठीत आपण ते 'योगदीपिका' म्हणून ओळखतो. वाचताना फोटोंत अडकू नका, मागची परिशिष्टं बघा. प्रत्येक आसनाला अवघडपणाचा आकडा आहे, १ पासून ६० पर्यंत, आणि शेवटी ३०० आठवड्यांचा क्रम लावून दिलाय. हा अभ्यासक्रमच आहे की! एका माणसाच्या अंगात असलेली गोष्ट इथे पहिल्यांदा दुसऱ्याला तपासता येईल अशी मांडली गेली.

परीक्षा मात्र लंडनच्या कचेरीने आणली, असं माझं मत. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या शिक्षण प्राधिकरणाने प्रौढांच्या सरकारी वर्गांत अय्यंगार पद्धतीचा योग चालवायला परवानगी दिली. अट अशी, की आसनं-प्राणायाम शिकवा, गूढवाद नको. सरकारी पगार म्हटला की शिक्षकांची यादी लागते आणि यादी म्हटली की कोण पात्र, कोण नाही हे ठरवावं लागतं. शिक्षक-प्रशिक्षण त्यातून बांधलं गेलं. मॉडेल कॉलनीतली रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उघडली ती १९ जानेवारी १९७५ ला, त्यानंतर. परदेशी शिक्षक शिकायला पुण्यात येऊ लागले आणि पायऱ्यापायऱ्यांची प्रमाणपत्रं जगभर रुळली. बऱ्याच देशांत आज उमेदवाराला आधी काही वर्षं प्रमाणित शिक्षकाकडे नियमित शिकावं लागतं, मग मार्गदर्शकाच्या हाताखाली तयारी. परीक्षेत स्वतः आसनं करून दाखवायची, परीक्षकांसमोर दुसऱ्यांना शिकवायचं, शिवाय लेखी पेपर. आपल्या कोर्सवर्क आणि व्हायव्हाशी साम्य दिसतंय ना?

पिलाटीसचं नाव कोर्टाने सगळ्यांना मोकळं केलं, अय्यंगारांचं नाव प्रमाणपत्राच्या चिन्हाला बांधलेलं राहिलं. एकीकडे बाजार मोठा, दुसरीकडे दार अरुंद. मला अरुंद दार थोडं जास्त आवडतं, पण त्या दारातून पहिला माणूस आत गेला तेव्हा दारच नव्हतं, हेही मला आता विसरता येत नाही. सरकारही आता यात आहेच: २०१८ पासून आयुष मंत्रालयाचं योग प्रमाणन मंडळ आहे, आणि २०१७ पासून योग हा युजीसी-नेटचा विषय आहे.

सिनॉप्सिसमधला तो शब्द मी काढला. जागी लिहिलं: "ज्यांच्या पात्रतेची कसोटी अजून तयार व्हायची होती असे शिक्षक". लांबलचक आहे, पण सरांनी यावेळी रेघ मारली नाही.

मैत्रिणीला मात्र मी सर्टिफिकेटचं नाव सांगितलं नाही. चारही कोर्सवाल्यांना फोन करून एकच विचार म्हटलं: परीक्षेत मला दुसऱ्या माणसाला शिकवून दाखवावं लागेल का, आणि ते बघणारं कोण असेल? दोघांनी फोन ठेवला. उरलेल्या दोन वर्गांना ती शनिवारी जाऊन बसणार आहे.