दिढी, दामदुप्पट आणि जोखीम

वित्तविचाराचा इतिहास सांगताना आम्स्टरडॅम, लंडन आणि न्यूयॉर्क येथील रोखेबाजारांपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. तो सोयीचा असला, तरी पुरेसा नाही. भांडवलाचा मोबदला किती असावा आणि योजिलेले फसल्यास तोटा कोणी सोसावा, हे दोन प्रश्न जेथे जेथे पेरणीसाठी बियाणे उसने घेतले गेले, तेथे तेथे उभे राहिलेच आहेत. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी वसलेल्या सौंसर-पांढुर्णा ह्या मुलखाची साक्ष ह्या बाबतीत घेण्याजोगी आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातील हा भाग मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली त्याचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. सीमा अशा हलल्या, तरी शेताची आणि देण्याघेण्याची भाषा मराठीच राहिली.

त्या भाषेतील दोन शब्द पाहावेत : सवाई आणि दिढी. पेरणीला घेतलेले धान्य सुगीला सव्वापट किंवा दीडपट करून फेडावयाचे, हा त्यांचा अर्थ. मुदत सहा महिन्यांची धरली, तर सवाईचा वार्षिक दर शेकडा ५० आणि दिढीचा शेकडा १०० पडतो. हे दर कोण्या एका लोभी सावकाराने शोधून काढलेले नाहीत. धान्यावरील वाढ सुगीच्या वेळी निम्म्यापर्यंतच असावी, असा नियम कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. म्हणजे शास्त्राने जी कमाल मर्यादा म्हणून सांगितली, तीच पुढे व्यवहारात रूढ दर होऊन बसली.

त्याच ग्रंथात रोख पैशाच्या व्याजाची एक पायरी दिली आहे. दरमहा शेकडा सव्वा हा धर्म्य दर. व्यापाराला पाच, अरण्यमार्गाने जाणाऱ्यांना दहा, समुद्रमार्गाने जाणाऱ्यांना वीस. जोखीम वाढते तसा मोबदला वाढतो, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते. त्याला आवर घालणारा दुसरा नियम दामदुपटीचा : एका वेळी वसूल होणारे व्याज मुदलाहून अधिक होऊ नये. सव्वा टक्क्याने ही मर्यादा ८० महिन्यांत गाठली जाते.

गणितानेही ह्या विचारात भर घातली. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) ९४ निष्कांचे तीन भाग शेकडा पाच, तीन आणि चार ह्या मासिक दरांनी अनुक्रमे सात, दहा आणि पाच महिने दिले असता व्याज समान येते. ते भाग कोणते, असा प्रश्न आहे. उत्तर २४, २८ आणि ४२. मुद्दल, दर आणि काल ही तीन परिमाणे एकाच हिशेबात येथे तोलली आहेत.

परंतु गणितात न मावणारी एक गोष्ट राहतेच. गारपिटीने पीक बुडाले, तरी दिढी फिटत नाही. दर जोखमीचा, पण जोखीम ऋणकोचीच! मध्यप्रांताच्या १९३३ च्या कर्जसमेट कायद्याला आणि १९३४ च्या सावकारी कायद्याला हात घालावा लागला तो ह्याच विसंगतीला. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के आढळला. सुमारे ७० टक्के कर्ज सावकारांचे होते. पाहणीच्या संचालन समितीत धनंजयराव गाडगीळ होते. पतपुरवठ्याला विक्रीव्यवस्थेची जोड हवी, हा तिचा निष्कर्ष महत्त्वाचा ठरला.

हॅरी मार्कोवित्झ ह्यांनी १९५२ साली गुंतवणुकीची विभागणी गणिताने मांडली : सर्व मालमत्ता एकाच वेळी बुडू नये, अशी तिची निवड करावी. कपाशीच्या ओळींत तुरीचे तास घालणाऱ्या शेतकऱ्याला हे सूत्ररूपाने ठाऊक नव्हते, पण अनुभवाने ठाऊक होते. संत्र्याच्या बागेत तर विचार आणखी पुढे जातो. झाडावरचा आंबिया किंवा मृग बहर तोडणीपूर्वीच व्यापाऱ्याला विकला, की पुढील भावाची आणि फळगळीची जोखीम, करार पाळला गेल्यास, त्याच्याकडे जाते. किंमत कमी मिळते. पण ती का कमी, ह्याचे उत्तर त्या सौद्यातच असते.

तेव्हा व्याज किती, एवढ्यावरच न थांबता, जोखीम कोणाची, हेही विचारले पाहिजे. शाळेत व्याजाची उदाहरणे सोडवून घेताना हा दुसरा प्रश्न फळ्यावर क्वचितच लिहिला जातो. ह्या मुलखातील दिढीने मात्र तो पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्याच्या अंगणात मांडून ठेवला होता.