चंद्रावरचा बोटभर माणूस

दिवाळीच्या किल्ल्यावर मुले जे मातीचे मावळे मांडतात, त्यांच्यापेक्षा चंद्रावरचा पुतळा काही फार मोठा नाही. अवघा साडेआठ सेंटिमीटर! ॲल्युमिनियमचा, अवकाशपोशाखातला, नाक ना डोळा असा एक माणूस. पण त्याच्यापायी जो वाद माजला तो ऐकण्याजोगा आहे.

मूर्तिकार बेल्जियमचा, पॉल व्हान होयडोंक. 1971 सालच्या जूनमध्ये त्याची 'अपोलो 15'चा नायक डेव्हिड स्कॉट याच्याशी गाठ पडली. चंद्रावर एक मूर्ती न्यावी असे ठरले. पण अटी काय म्हणाल! मूर्ती वजनाला हलकी हवी. चंद्रावरचे कडक ऊन आणि त्याहून कडक थंडी सोसणारी हवी. आणि ती बाईची की पुरुषाची, गोऱ्याची की काळ्याची, हे ओळखू येता कामा नये. म्हणजे हात बांधून पोहायला सांगण्यातलाच प्रकार! तरी होयडोंकने ती घडविली. त्याच्या मनातला माणूस उभा होता, अखिल मानवजातीच्या वतीने ताऱ्यांकडे निघालेला.

स्कॉटच्या मनात निराळेच होते. 30 जून 1971 रोजी 'सोयूझ 11'मधून परतताना तीन सोव्हिएत अंतराळवीर मृत्यू पावले होते. ऑगस्टच्या आरंभी, हॅडली दरीजवळ, स्कॉटने ती मूर्ती धुळीत आडवी निजविली आणि शेजारी एक पट्टी रोवली. पट्टीवर चौदा दिवंगतांची नावे. आठ अमेरिकन, सहा सोव्हिएत. दोन्ही देश एकमेकांवर डोळे वटारून बसलेले असताना ही नावे मात्र वर्णानुक्रमे सरमिसळ लावलेली! यान परतल्यावरच जगाला ही गोष्ट कळली.

होयडोंक संतापला. आपण उभा माणूस घडविला, त्याचे प्रेत कोणी केले, असा त्याचा सवाल. स्कॉटच्या मते सारे आधीच ठरले होते. पुढे 1972 मध्ये मूर्तीच्या साडेनऊशे सहीच्या प्रती, दर नगास साडेसातशे डॉलरांनी, विकण्याचा बेत निघाला. 'नासा'ने हरकत घेतली आणि तो बारगळला. मला विचाराल तर मूर्तिकाराचे दुःख खरे आहे. विक्रीच्या बेताने त्याने ते स्वस्त केले, एवढेच. पण गाभाऱ्यात बसलेली मूर्ती पाथरवटाची थोडीच राहते?

मला खरी हुरहुर लावते ती ती पट्टी. व्हॅलेंटिन बोंदारेंको हा चोवीस वर्षांचा सोव्हिएत तरुण 1961 च्या मार्चमध्ये, गागारिनच्या उड्डाणाच्या काही दिवस आधी, सरावाच्या बंद कोठडीत आग लागून भाजून मेला. सरकारने ते लपविले. जाहीर झाले 1986 मध्ये. स्कॉटला त्याचे नाव ठाऊक असणे शक्यच नव्हते. पट्टीवर गागारिन आहे, बोंदारेंको नाही.