भिंतीचा रंग आणि बोटभर शिपाई

दिवाळीच्या किल्ल्यावर मातीची चित्रे मांडणाऱ्या मराठी घरांना चिमुकल्या सैनिकांची गोडी नव्याने सांगावी लागत नाही. युरोपातही ही हौस जुनी आहे. जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे अठराव्या शतकात कथलाचे चपटे सैनिक ओतले जात. १८९३ साली इंग्लंडमध्ये ब्रिटन यांच्या कारखान्याने शिशाचे पोकळ सैनिक काढले आणि असे सैन्य पुष्कळ घरांच्या आवाक्यात आले. हौशी मंडळी त्यांना तैलरंग वा इनॅमल देत. परंतु तैलरंग वाळण्यास कित्येक दिवस लागत आणि कुंचला धुण्यास टर्पेंटाइन लागे.

या अडचणीचा परिहार ज्या रंगाने केला, त्याच्या शोधामागे मात्र प्रचंड भित्तिचित्रांची गरज होती. मेक्सिकोच्या चित्रकारांना ऊनपावसात टिकणारा व लवकर वाळणारा रंग हवा होता. त्यांच्यापैकी सिकेरॉस यांनी १९३६ साली न्यूयॉर्क येथे कार्यशाळा काढून मोटारींना लावण्याचे रंग चित्रांत योजून पाहिले. ॲक्रिलिक द्रव्यांवर जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो र्‍योम यांनी १९०१ सालीच प्रबंध लिहिला होता. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बोकूर व गोल्डन यांनी ‘मॅग्ना’ हा ॲक्रिलिक रंग काढला. पण त्यालाही टर्पेंटाइन लागे. १९५५ साली हेन्री लेव्हिसन यांच्या ‘लिक्विटेक्स’ने पाण्यात मिसळणारा रंग चित्रकारांच्या हाती दिला. दुधात स्निग्धांशाचे कण तरंगतात, तसे या रंगात राळेचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगतात. पाणी उडून गेले की ते एकजीव होतात आणि मग तो पापुद्रा पाण्याने विरघळत नाही.

पुढे खास लहान मूर्तींसाठी पातळ ॲक्रिलिक रंग निघाले. तरीही रंगद्रव्याने समृद्ध असा चित्रकारांचा नळीतील रंग अनेकांना प्रिय आहे. तो मुळात घट्ट असतो, कारण पटावर कुंचल्याचा फटकारा उठून दिसावा, ही त्याची योजना. इंचभर मूर्तीवर तोच गुण दोष ठरतो. डोळे बुजतात, वस्त्राच्या चुण्या भरून जातात. म्हणून आधी धातूवर अस्तराचा हात द्यावा लागतो. मग थोडे पाणी व ॲक्रिलिक माध्यम मिसळून रंगाचे पातळ हात एकामागून एक चढवावे लागतात. निव्वळ पाणी फार झाले, तर रंगाची पकड सुटते. टायटॅनियमचा पांढरा रंग खालचे सारे झाकतो. पारदर्शक तांबड्याला मात्र खाली उजळ थर लागतो.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. कुंचल्याचे टोक ओठांनी साधण्याची खोड अनेक कसबी हातांना असते. चित्रकारांच्या काही पिवळ्यातांबड्या रंगांत कॅडमियम असते व ते विषारी आहे. टर्पेंटाइनचा उग्र दर्प जाऊन पाणी आले, म्हणून रंग निरुपद्रवी झाला असे नव्हे. टोक ओल्या फडक्यावरच साधावे.