तपासणीचा अधिकार कोणाचा?

साहेब आले. चादर आली. साहेब गेले. चादर गेली.

ही चार वाक्ये माझ्या धाकट्या भावाची आहेत. ज्याला आपण आजवर मतिमंद म्हणत आलो आणि आजच्या सरकारी कागदावर ज्याला बौद्धिक दिव्यांग म्हणतात, असा हा माझा भाऊ. जिल्ह्याच्या गावी एका निवासी संस्थेत तो तेव्हा राहत होता. १९८७ च्या दिवाळीत त्याला घरी आणले, तेव्हा जेवता जेवता तो हे बोलला. आम्ही सारे हसलो. आईने त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढली. विषय संपला.

पुढे संस्थेच्या कार्यालयात तपासणीचा शेरा मी स्वतः वाचला. स्वच्छता समाधानकारक, अंथरूण-पांघरूण पुरेसे. शेऱ्याखाली सही, सहीखाली शिक्का. म्हणजे माझ्यापुढे दोन अहवाल होते. एक शिक्क्याचा आणि एक माझ्या भावाचा. मी शिक्क्याचा खरा मानला.

मी तेव्हा शिक्षक होतो आणि चळवळीतही होतो. रविवारी वस्तीतल्या अभ्यासवर्गात १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी दिलेली साक्ष पोरांना समजावून सांगत होतो. अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच केले पाहिजे, दुसऱ्याच्या कळवळ्यावर ते सोपवता येत नाही, हे सांगताना माझा आवाज चढत असे. आणि तोच मी घरी येऊन भावाबद्दल म्हणत असे, त्याला काय कळते!

ही विसंगती लक्षात यायला मला फार वर्षे लागली. ती लक्षात आणून दिली दूरदेशीच्या, माझ्या भावासारख्याच माणसांच्या इतिहासाने. तो इतिहास कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि विशेषतः माझ्या शिक्षकबंधूंनी समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

१

ब्रिटनमध्ये या माणसांना आज ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ असलेली माणसे म्हणतात. आपल्याकडे हा शब्द वाचन-लेखनाच्या अडचणीसाठी वापरतात, म्हणून आधीच खुलासा केलेला बरा. त्याआधी त्यांना ‘मेंटली हँडिकॅप्ड’ म्हणत, आणि त्याही आधी जे शब्द होते ते सरळ शिव्याच होत्या. नावे नेहमी दुसऱ्यांनी ठेवली. नाव ठेवणाराच जागाही ठरवतो, हे आपल्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको. त्यांच्यासाठी ठरलेली जागा होती गावाबाहेरची मोठमोठी इस्पितळे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंड व वेल्समधल्या अशा इस्पितळांत पन्नास हजारांहून अधिक माणसे राहत होती. आजार नव्हता, तरी रुग्ण होती. गुन्हा नव्हता, तरी कोंडलेली होती.

१९६७ साली कार्डिफच्या ईली इस्पितळातल्या एका कर्मचाऱ्याने तिथल्या मारहाणीची आणि चोऱ्यांची हकिगत वृत्तपत्राला कळवली. चौकशी बसली. पुढे ब्रिटनचे अर्थमंत्री झालेले जेफ्री हाऊ तिचे अध्यक्ष होते. मार्च १९६९ मध्ये अहवाल बाहेर आला. मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी तो दडपू दिला नाही, हे त्यांचे श्रेय. त्यातून इस्पितळांना भेटी देऊन पाहणी करणारी एक नवी यंत्रणा उभी राहिली.

पण त्या यंत्रणेत कोण होते? डॉक्टर, परिचारिका, प्रशासक. म्हणजे इस्पितळ चालवणाऱ्या वर्गानेच इस्पितळ तपासायचे. खाटेवर आयुष्य काढलेल्या माणसाला त्यात जागा नव्हती. त्याची साक्ष ही साक्ष मानली जात नव्हती, कारण तो बुद्धीने कमी. त्याची बुद्धी कमी हे ठरवणारे तेच, त्याला कोंडणारे तेच आणि कोंडवाडा ठीक आहे असा शेरा देणारेही तेच. ही साखळी तोडायची तर ती कोणत्या कडीपासून तोडायची, असा हा प्रश्न होता.

२

उत्तर त्या माणसांनीच दिले. १९७० साली स्वीडनमध्ये माल्मो येथे बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांची राष्ट्रीय परिषद भरली. आम्हाला लहान मुलांसारखे वागवू नका, आमच्याबद्दलच्या निर्णयांत आम्हाला घ्या, अशा मागण्या तिथे झाल्या. १९७२ साली ब्रिटनमध्ये एका छोट्या मोहीम-संघटनेने ‘आपले जीवन’ अशा अर्थाच्या नावाची परिषद घेतली आणि इस्पितळातली माणसे प्रथमच इस्पितळाविषयी जाहीरपणे बोलली. १९७४ साली अमेरिकेतील ऑरेगन राज्यात सेलम येथे एक संघटना जन्मली. तिने नाव घेतले ‘पीपल फर्स्ट’. आम्ही आधी माणसे आहोत, बाकीचे मागाहून. हे नाव त्यांनी स्वतः ठेवले होते, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातली पहिली मोठी घटना हीच.

१९८४ साली लंडनमध्ये पीपल फर्स्ट उभी राहिली. तोवर मोठी इस्पितळे रिकामी होऊ लागली होती आणि माणसे वस्तीतल्या लहान घरांत राहायला येत होती. सरकार म्हणाले, प्रश्न सुटला. पीपल फर्स्टच्या सभासदांनी विचारले, सुटला की नाही हे कोण पाहणार? मग ते स्वतःच पाहायला निघाले. त्यांनी केलेल्या निवासी सेवांच्या मूल्यमापनावर आधारलेला अहवाल १९९१ साली लंडनच्या किंग्ज फंड सेंटरने प्रसिद्ध केला. ज्यांना आयुष्यभर तपासले गेले, ते आता तपासणारे झाले होते.

पुढे ठिकठिकाणी अशी पथके तयार झाली. त्यांना ‘क्वालिटी चेकर’ म्हणतात. त्यांच्या कामाची रीत साधी आहे. बहुधा दोघे-तिघे जातात. सोबत एक मदतनीस असतो. तो वाचून दाखवतो, लिहून घेतो, पण प्रश्न विचारणे आणि मत देणे त्यांचेच. प्रश्न सोप्या शब्दांत, सोबत चित्रे. कर्मचाऱ्याला बाहेर बसवून राहणाऱ्याशी बोलायचे.

आणि प्रश्न कोणते? अधिकारी नोंदवही मागतो. हे विचारतात, तुझ्या खोलीची किल्ली कोणाकडे असते? आत येताना दार वाजवतात का? रात्री काय जेवायचे ते कोण ठरवते? तुझे पैसे कोण ठेवते? मित्र-मैत्रीण घरी आलेली चालते का? झोपायची वेळ तुझी की त्यांची? तू रागावलास तर पुढे काय होते? हे प्रश्न पुस्तकातून आलेले नाहीत. ज्याच्या दाराला किल्ली नव्हती त्यालाच किल्लीचा प्रश्न सुचतो. अनुभव हे ज्ञान आहे, हे आपण दलित साहित्याच्या संदर्भात इतकी वर्षे मांडत आलो. इथे तेच ज्ञान तपासणीचे हत्यार झाले आहे.

२००१ साली ब्रिटिश सरकारने ‘व्हॅल्यूइंग पीपल’ हे धोरण जाहीर केले. हक्क, स्वावलंबन, निवड आणि समावेश ही त्याची चार तत्त्वे. ‘आमच्याविना आमच्याबद्दल काही नाही’ या अर्थाच्या नावाचा एक अहवाल त्यासोबत निघाला, आणि तो या सेवा घेणाऱ्यांच्याच गटाचा होता. २००९ पासून काम करणाऱ्या केअर क्वालिटी कमिशन या नियामक संस्थेच्या तपासणीतही ‘अनुभवातून तज्ज्ञ’ म्हणून सेवा घेणारी माणसे व त्यांचे नातेवाईक जाऊ लागले.

३

इथे थांबलो तर ती विजयकथा होईल. इतिहास तसा नाही.

ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचे चोवीस खाटांचे एक खाजगी इस्पितळ होते. एका माणसामागे आठवड्याला सरासरी ३५०० पौंड सरकारी पैसा तिथे जात होता. ३१ मे २०११ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमात लपवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेले तिथले दृश्य देशाने पाहिले. मारणे, फरफटणे, कपड्यांसकट थंड पाण्याखाली धरणे. अकरा कर्मचारी दोषी ठरले आणि २०१२ साली त्यांतले सहा तुरुंगात गेले. एका परिचारकाने आधीच तक्रार केली होती, ती नियामक संस्थेपर्यंत पोचलीही होती. वेळेवर दखल घेतली गेली नाही. तिथल्या एका तरुणीने आपल्याला मारतात असे आईवडिलांना सांगितले होते. असे कसे होऊ देतील, असे त्यांना वाटले.

हे वाचले तेव्हा मला करंजी आठवली. मी पुस्तक मिटून ठेवले.

त्या प्रकरणानंतर देशभरातल्या सुमारे दीडशे सेवांची तपासणी झाली. या वेळी पथकांत अनुभवातून आलेली माणसेही होती. जवळजवळ निम्म्या सेवा ठरलेल्या मानदंडाला उतरल्या नाहीत. तरीही २०१९ साली डरहॅम परगण्यातल्या व्हॉर्ल्टन हॉलचे तसेच चित्रण बाहेर आले. नियामक संस्थेच्या लेखी ती जागा ‘चांगली’ होती. मधल्या काळात, २०१६ साली, अनुभवातून आलेल्या तज्ज्ञांचा मोबदला साधारण निम्म्यावर आणण्याचा घाट घातला गेला आणि त्यावरून ओरड झाली. अनुभवाचे कौतुक करायचे आणि त्याचे मोल द्यायची वेळ आली की हात आखडायचा, ही रीत आपल्याला अनोळखी नाही.

म्हणून पथकात एखादा माणूस बसवला की काम झाले, असे मानता येत नाही. गोड बोलणाराच निवडला जातो. मदतनीस आपले शब्द त्याच्या तोंडी घालतो. अहवाल कपाटात जातो. जे बोलूच शकत नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न तर फारच अवघड आहे. त्यांच्याजवळ वेळ काढून बसावे लागते आणि हातवारे, भीती, भूक वाचावी लागते. प्रतिनिधित्व नावापुरते देऊन निर्णय स्वतःकडे ठेवण्याची कला सर्वच सत्ताधाऱ्यांना अवगत असते. पण यावरून या माणसांची तपासणी निरुपयोगी ठरत नाही. तिच्या हाती अधिकार दिला गेला नाही, एवढेच ठरते.

४

आता आपल्या अंगणात येऊ. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या वेळची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण. विरोध झाला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वादात डॉक्टर बोलले, अधिकारी बोलले, कार्यकर्ते बोलले. त्या मुलींना पाणी किती मिळत होते, कापड किती मिळत होते, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे असे किती जणांच्या मनात आले? माझ्याही मनात आले नव्हते.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ सालचा. भारताने तो २००७ साली मान्य केला. त्याच्या तेहतिसाव्या कलमात देखरेखीच्या कामात दिव्यांग व्यक्तींचा आणि त्यांच्या संघटनांचा पूर्ण सहभाग असावा असे स्पष्ट म्हटले आहे. कागद आहे. पण आपल्या तालुक्यातल्या निवासी शाळेत तपासणीला कोण जाते, ते पाहा.

माझा भाऊ आता साठीचा आहे, माझ्याजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी मी त्याला विचारले, “तुझ्या त्या शाळेत पाहायला गेलो असतो तर काय पाहायचे होते रे?” हा प्रश्न त्याला विचारायला मला पस्तीस वर्षांहून अधिक काळ लागला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दादा, संडासाला कडी नव्हती.”

मी त्या संस्थेत किती वेळा गेलो असेन. कार्यालयात चहा घेतला, वर्ग पाहिले, स्नेहसंमेलनात भाषणही केले. कडी पाहिली नाही.

आपल्यापैकी कित्येक जण आज वसतिगृहांच्या आणि विशेष शाळांच्या कार्यकारिणीवर आहेत, कित्येक जण तिथे शिकवतात. माझे म्हणणे एवढेच आहे. पुढच्या तपासणीला तिथे राहून बाहेर पडलेल्या दोघांना बरोबर घ्या. त्यांच्या वेळेचे पैसे द्या. मुलांशी ते बोलत असताना तुम्ही दाराबाहेर थांबा. त्यांनी जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत लिहा आणि त्याखाली आधी त्यांची सही किंवा अंगठा घ्या. तुमचा शिक्का त्यानंतर.