‘ओल्ड नंबर वन’ची रास्त किंमत

२७ जुलै १९९० रोजी लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांनी एका जुन्या बेंटले मोटारीविषयी निकाल दिला. वरकरणी हा करारभंगाचा साधा दावा होता. त्याच वर्षी ७ एप्रिल रोजी मोटारीच्या मालकाने ती एका कंपनीला एक कोटी पौंडांना विकण्याचा करार केला. पुढे ‘ही ती मोटार नव्हेच’ असे म्हणून खरेदीदाराने पैसे देण्याचे नाकारले आणि मालक न्यायालयात गेला. ‘हबर्ड विरुद्ध मिडलब्रिज सिमिटार’ या नावाने हा खटला ओळखला जातो. जुन्या शर्यती मोटारीची रास्त किंमत कशी सांगावी, या प्रश्नाचा इतका सखोल ऊहापोह अन्यत्र क्वचितच झाला असेल. गंमत अशी की किंमत अधिक की उणी, हे ठरवणे न्यायालयाचे कामच नव्हते.

ही मोटार म्हणजे ‘ओल्ड नंबर वन’. साडेसहा लिटर इंजिनाची ‘स्पीड सिक्स’ जातीची ही बेंटले १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. दोन्ही वेळा चालकांपैकी एक होता वुल्फ बार्नाटो. किंबर्लीच्या हिऱ्यांवर गबर झालेल्या बार्नी बार्नाटोचा हा मुलगा. बेंटले कंपनीत त्याचाच पैसा होता आणि तिचा अध्यक्षही तोच होता. १९३१ मध्ये कंपनी बुडाली व रोल्स-रॉइसने ती विकत घेतली, तरी मोटार धावतच राहिली. १९३२ साली तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसवण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरात ब्रूकलंड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत ती धावपट्टीच्या उंच कडेवरून पलीकडे फेकली गेली आणि तिचा चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला. बार्नाटोने अवशेष गोळा करून तिच्यावर बंदिस्त छताची नवी बॉडी चढवून घेतली. नंतरच्या काळात तिला पुन्हा शर्यतीचे उघडे रूप देण्यात आले.

१९९० मध्ये तज्ज्ञ साक्षीदारांनी मोटारीचा एकेक भाग तपासला, तेव्हा १९२९ च्या मोटारीतले जवळजवळ काहीच उरलेले नाही असे निघाले. १९३० च्या मोटारीतले गिअरबॉक्सचे कवच, पेडलचा दांडा, स्टिअरिंगचा दांडा असे थोडे भाग होते. सांगाडा आणि इंजिन १९३२ चे. मग ल माँ जिंकली ती मोटार कुठे आहे?

न्यायमूर्तींचे उत्तर मार्मिक होते. शर्यत जिंकलेली ‘मूळ’ मोटार म्हणून हिचे वर्णन करता येणार नाही, कारण त्या रूपात ती टिकलीच नाही. परंतु ही नक्कलही नव्हे आणि सुट्या भागांतून उभी केलेली पुनर्रचनाही नव्हे. शर्यतीच्या प्रत्येक हंगामात तिचे भाग बदलत गेले आणि प्रत्येक वेळी नवा भाग त्याच मोटारीत सामावला गेला. तिची ओळख कधी तुटली नाही. या नावावर आणि या कीर्तीवर हक्क सांगू शकेल अशी दुसरी बेंटले जगात नाही. तेव्हा ती ‘अस्सल’ आहे, आणि एप्रिलमध्ये विक्रीस होते ते केवळ लोखंड नव्हे, तर तो इतिहास व ती कीर्तीही होती. मालक जिंकला.

मूळ आणि अस्सल या दोन शब्दांत आपण एरवी फारसा भेद करत नाही. या बाजारात मात्र त्या भेदावर लाखोंचा हिशेब चालतो. जुन्या स्पोर्ट्स कारला सांगितलेली किंमत म्हणजे तिच्या पूर्वायुष्याविषयी केलेले एक विधान असते. विधान खरे असेल तर आकड्यावर घासाघीस करता येते. विधानच खोटे असेल तर कोणताही आकडा रास्त ठरत नाही. ‘दुरुस्तीत इतके पैसे गेले, म्हणून इतकी किंमत’ हा मालकांचा लाडका हिशेब या बाजाराने कधीच मानलेला नाही. गिऱ्हाईक मोटारीच्या चरित्राचे पैसे देते. मालकाने गॅरेजात किती ओतले, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

जॅग्वारची ई-टाइप घ्या. १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती आली तेव्हा इंग्लंडात करासह तिची किंमत सुमारे २,१०० पौंड होती. ॲस्टन मार्टिनच्या डीबी-फोरला त्याच्या जवळपास दुप्पट पडत. १९७४ पर्यंत सत्तर हजारांहून अधिक ई-टाइप बनल्या. म्हणजे दुर्मीळ म्हणावी अशी ही मोटार नव्हे. तरीही आरंभीच्या ३.८ लिटरच्या, त्यातही अगदी पहिल्या काही महिन्यांतल्या सपाट तळाच्या मोटारींना उत्तरकालीन बारा सिलिंडरच्या मोटारींहून पुष्कळ अधिक भाव येतो. कोणती मोटार कोणत्या तारखेस, कोणत्या रंगात आणि कोणत्या क्रमांकाच्या इंजिनासह कारखान्यातून बाहेर पडली, याचा दाखला जॅग्वारच्या दप्तरातून मिळतो. इंजिनावरचा आकडा दाखल्याशी जुळला तर एक भाव, न जुळला तर दुसरा. अमेरिकेत विकली गेलेली डाव्या चाकाची मोटार पुढे उजव्या चाकाची करून घेतलेली असेल तर आणखी तिसरा. प्रामाणिक विक्रेता हे सारे आधी सांगतो आणि आकडा मागाहून.

परंतु चरित्र तेच राहूनही किंमत बदलते, त्याचे काय? येथे काळ आड येतो. फेरारीच्या २५० जीटीओ मोटारी १९६२ ते १९६४ या काळात जेमतेम छत्तीस बनल्या आणि अमेरिकेत त्यांची किंमत सुमारे १८,००० डॉलर होती. साठीचे दशक सरता सरता त्या केवळ जुनाट शर्यती मोटारी उरल्या. त्यांतली एक टेक्सासमधील व्हिक्टोरिया गावच्या शाळेला देणगी म्हणून मिळाली आणि मुलांना मोटार दुरुस्ती शिकवण्याच्या कामी आली. १९७२ मध्ये ती ६,५०० डॉलरना विकली गेली. घेणाऱ्याने ती कित्येक वर्षे उघड्या माळावर ठेवली. ६,५०० डॉलर ही किंमत तेव्हा अन्यायाची होती असे म्हणवत नाही. तिच्या जागी आपण असतो तर शाळेनेही तेच केले असते, आणि आपणही.

मग ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध आला. ऑक्टोबर १९८७ मध्ये शेअर बाजार कोसळले आणि धास्तावलेला पैसा दिसणाऱ्या, हाताळता येणाऱ्या वस्तूंकडे वळला. पुढच्याच महिन्यात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बुगाटी रॉयाल ५५ लाख पौंडांना गेली. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी वारला आणि त्याच्या मोटारींचे भाव भडकले. इंग्लंडात खाजगी मोटारीच्या विक्रीतील नफ्यावर भांडवली कर लागत नाही, हेही एक निमित्त. जपानी पैसा होताच. जीटीओचा भाव १९८९-९० च्या सुमारास एक कोटी डॉलरच्या बराच पुढे गेला. डिसेंबर १९८९ च्या अखेरीस टोकियोचा निर्देशांक शिखरावर पोहोचला आणि तेथून घसरू लागला. ‘ओल्ड नंबर वन’चा करार त्यानंतर सुमारे सव्वातीन महिन्यांनी झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. लवकरच मोटारींचा बाजारही बसला. नव्वदीच्या मध्यास तीच जीटीओ तीस-पस्तीस लाख डॉलरच्या आसपास मिळू लागली. मोटारींचा एक खिळाही बदललेला नव्हता.

अशा बाजारात किंमत सांगणारा मागच्या विक्रीकडे बोट दाखवतो. पण मागच्या विक्रीचा आकडाही नीट वाचावा लागतो. ऑगस्ट २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात एक जीटीओ ३ कोटी ८१ लाख १५ हजार डॉलरना गेल्याचे जगभर छापून आले. हातोडा मात्र ३ कोटी ४६ लाख ५० हजारांवर पडला होता. वरचे दहा टक्के ही लिलाव कंपनीची अडत. आपली मोटार खाजगीत विकणारा वरचा आकडा धरून बसला, तर जे पैसे कोणत्याही विक्रेत्याच्या हाती पडलेच नाहीत तेच तो मागत असतो. शिवाय न विकल्या गेलेल्या मोटारींच्या किंमती कोणी ठळकपणे छापत नाही. जाहिरातीतल्या किंमतींवरून बाजारभाव ठरवणे म्हणजे स्थळाच्या चिठ्ठीवरून संसाराचा अंदाज बांधणे होय. असो.

रुचीही बदलते. एके काळी मोटार नव्याहून नवी दिसेल अशी घासूनपुसून, रंगवून विकण्याची चाल होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला बायों संग्रहाचा लिलाव झाला. दशकानुदशके पडून राहिलेल्या, गंजलेल्या मोटारी त्यात होत्या. जुन्या मासिकांच्या ढिगाखाली सापडलेली, एके काळी अलँ दलाँच्या मालकीची फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर तेथे अडतीसह सुमारे १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. तिच्या धुळीलाही किंमत आली, कारण हात न लागलेली धूळ हाही पुरावाच.

नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला आणखी एका फेरारीचा लिलाव झाला. १९६२ मध्ये ती चार लिटरच्या इंजिनासह शर्यतीत उतरली होती आणि नंतर कारखान्यानेच तिला तीन लिटरच्या जीटीओचे रूप दिले. लिलावाच्या यादीत म्हणून तिला दोन्ही नावे होती: ३३० एलएम आणि २५० जीटीओ. सहा कोटी डॉलरच्या वर जाईल असा लिलाव कंपनीचा अंदाज होता. हातोडा ४ कोटी ७० लाखांवर पडला.